क्लाइंबरचा खांदा: ऑपरेशन ठरवण्यापासून पुन्हा कातळाला हात लावेपर्यंत

माझा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला तो नोव्हेंबरात, बेलापूरच्या एका बोल्डरवर, म्हणजे दोराशिवाय चढायच्या मोठ्या धोंड्यावर. उजवा हात वर, बाजूला लांबच्या होल्डवर, म्हणजे धरायच्या पकडीवर होता. पाय घसरला, अंग दारासारखं उघडलं आणि हात मागेच राहिला. दुसऱ्यांदा फेब्रुवारीत, लोकलमध्ये: वरची कडी धरून उभा होतो, कळव्याच्या अलीकडे गाडीने गचका दिला, खांदा निसटला आणि आपला आपण परत बसला. तिसऱ्यांदा एप्रिलमध्ये, झोपेत कूस बदलताना. कड्यावर निखळला तर खेळाचा भाग म्हणून सोडून देता येतं. अंथरुणात निखळायला लागला तेव्हा मात्र ऑपरेशनचा विचार करणं भाग पडलं.

मधल्या सात महिन्यांत मी ज्याला त्याला विचारत सुटलो. दोन डॉक्टर, तीन फिजिओ, चढाईच्या ग्रुपमधले सगळे सिनियर, शिवाय आई. प्रत्येकाचं मत निराळं, आईचं सगळ्यात ठाम: "कोणी सांगितलंय ते दगडाला लोंबकळायला?" मी डॉक्टर नाही. ठाण्यात पाचपाखाडीला राहतो, ऐरोलीत नोकरी करतो, सुट्टीच्या दिवशी चढाईला मुंब्रा नाहीतर बेलापूर. तेव्हा मी ३४ वर्षांचा होतो. पुढे लिहिलंय ते त्या वेळी मला कोणी सांगायला हवं होतं ते. औषधपाण्याचा आणि व्यायामाचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा आणि फिजिओचाच.

१. निखळला त्या दिवशी

मित्राला खांदा बसवू देऊ नका. व्हिडिओ बघून शिकलेला एक तरी मित्र क्रॅगवर, म्हणजे चढाईच्या कड्यावर, असतोच. आत हाड मोडलेलं असेल किंवा नस दाबली गेली असेल, तर त्या एका ओढीत नुकसान वाढतं. हात ज्या स्थितीत सोसवतो त्या स्थितीत ओढणीने किंवा जॅकेटने छातीशी बांधा आणि हळूहळू खाली उतरा. वाटेत काही खाऊ-पिऊ नका, वडापावसुद्धा नाही, कारण खांदा बसवायला भूल द्यावी लागू शकते.

दंडाच्या बाहेरच्या बाजूला, साधारण लस टोचतात त्या जागी, स्पर्श कळतोय का ते बघा. ती जागा बधिर असेल तर कॅज्युअल्टीत आपणहून सांगा. खांद्याच्या खालून वळसा घालून जाणारी नस तिथली संवेदना सांभाळते. एक्स-रे बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर असे दोन्ही काढून घ्या आणि फिल्म घरी आणा. मी पहिल्या वेळचा केसपेपर हरवला. पुढे विमा कंपनीने नेमका तोच मागितला.

२. कोणाला दाखवायचं

हाडांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. तुम्हाला हवेत ते खांद्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, म्हणजे आर्थ्रोस्कोपी, नेहमी करणारे. गुडघ्यांचे नाणावलेले सर्जन खांद्याचेही असतीलच असं नाही. अपॉइंटमेंट घेताना रिसेप्शनवर सरळ विचारा: डॉक्टर खांद्याची ऑपरेशनं किती करतात?

दोन मतं घ्या. मी एक ठाण्यात घेतलं, एक वाशीला. एका ठिकाणी तीन मिनिटांत उत्तर मिळालं: "क्लाइंबिंग सोडून द्या." हे उत्तर वैद्यकीय दृष्ट्या चूक असेलच असं नाही, पण माझा प्रश्न तो नव्हता. दुसऱ्या डॉक्टरांनी हात धरून मला दाखवायला लावलं की होल्ड कसा धरला होता, अंग कुठे वळलं. मी तिथेच थांबलो. आपल्या खेळाचे शब्द डॉक्टरांना माहीत नसतात, त्यामुळे फोनमध्ये चढाईचा एक व्हिडिओ ठेवा. २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक झाला, तरी 'क्लाइंबर' म्हटलं की समोरच्याला अजून ट्रेकिंगच वाटतं.

३. एमआरआय, आणि रिपोर्ट वाचायचा मोह

खांद्याचा गोळा मोठा आणि वाटी उथळ. त्या वाटीच्या काठाला रबरी कडं असावं तशी कूर्चा असते, ती लॅब्रम. भोवती चार स्नायूंचा वेढा, तो रोटेटर कफ. क्लाइंबरचं दुखणं बहुतेक वेळा या दोहोंपैकी एकात, नाहीतर बायसेप्सच्या दोरीत असतं.

लॅब्रमची शंका असेल तर डॉक्टर कधी कधी सांध्यात रंगद्रव्य सोडून एमआरआय करायला सांगतात. साध्या एमआरआयपेक्षा त्यात बारीक फाट नीट दिसते. म्हणून घाईने जवळच्या सेंटरमध्ये जाऊन साधा काढून मोकळे होऊ नका, आधी विचारा. मी घाई केली आणि दोनदा पैसे भरले. वारंवार निखळत असेल तर वाटीचं हाड किती झिजलंय हे बघायला सीटी स्कॅनही लागतो.

रिपोर्ट हातात आला की रात्री दोनपर्यंत एकेक शब्द शोधत बसाल. बसा, पण एवढं लक्षात असू द्या की खांदा अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्याही एमआरआयमध्ये फाटलेलं लॅब्रम सापडतं, चाळिशीनंतर तर सर्रास. फोटोत फाट आहे म्हणून ऑपरेशन करायचं नसतं. प्रश्न असा असतो की तुमचा खांदा जे करतोय ते त्या फाटीमुळे करतोय का. हे हात फिरवून, दाबून, ओढून बघणाऱ्या डॉक्टरला कळतं. फिल्म उजेडात धरून दुसऱ्या क्षणी तारीख देणाऱ्याला कळत नाही.

४. आधी तीन महिने फिजिओ

खांदा दुखतो पण निखळत नाही, ताकद बऱ्यापैकी आहे, रात्री झोप लागते, अशी स्थिती असेल तर निदान १२ आठवडे मनापासून फिजिओ करून बघा. मनापासून म्हणजे आठवड्यातून दोनदा मशीनचा शेक घेऊन परत येणं नव्हे. पाठीच्या पात्याचे आणि कफचे व्यायाम, वाढत्या वजनाने, वहीत लिहून. जिथे नुसता शेक आणि करंट देतात तिथे तिसऱ्यांदा जाऊ नका.

काही बाबतींत मात्र थांबणं महागात पडतं. पडल्यावर हात एकदम वर उचलताच येईना, तर कफ पूर्ण तुटलेला असू शकतो. तो जितका उशिरा शिवाल तितका स्नायू आखडतो आणि शिवणं अवघड होतं. हाडाचा तुकडा निघाला असेल, नसेची लक्षणं असतील, किंवा खांदा पुन्हा पुन्हा निखळत असेल, तरी लवकर निर्णय घ्यावा. विशीच्या आतबाहेर पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळायची शक्यता फार असते, आणि दर खेपेला वाटीचा काठ थोडा आणखी झिजतो.

मी फेब्रुवारी ते मे फिजिओ केलं. दुखणं जवळजवळ गेलं, आणि इथेच फसलो: मला वाटलं बरा झालो. एप्रिलमधली ती झोपेतली घटना याच काळातली. माझं दुखणं कमी झालं होतं, खांदा सैल होता तसाच होता.

५. सर्जनला विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या, नाहीतर आत गेल्यावर अर्धे विसरतात. माझी यादी:

- माझी तक्रार याच फाटीमुळे आहे असं कशावरून वाटतं?
- हाड किती झिजलंय? नुसतं लॅब्रम शिवून भागेल, की हाडाचा तुकडा स्क्रूने बसवण्याचं लाटार्जे ऑपरेशन लागेल?
- काहीच केलं नाही तर काय होईल?
- नंतर हात बाहेरच्या बाजूला फिरवण्याची हालचाल किती कमी होईल?
- आत दुर्बीण घातल्यावर वेगळंच काही दिसलं, तर काय कराल?
- फिजिओचा आठवड्यागणिक कार्यक्रम लेखी द्याल का?

पाचवा प्रश्न चाळिशीच्या आसपासच्यांनी नक्की विचारा. वरच्या बाजूचं लॅब्रम, जिथे बायसेप्सची दोरी बांधलेली असते, ते फाटलं असेल तर त्या वयात बरेच सर्जन ते शिवण्याऐवजी दोरी सोडवून खाली दंडाच्या हाडात बसवतात. दोन्हींचं फिजिओ वेगळं असतं. भुलीतून जागे झाल्यावर हे कळण्यापेक्षा आधी बोलणं झालेलं बरं.

मग घरी येऊन स्वतःला एकच विचारायचं: चढाई बंद केली तर हा खांदा मला रोजच्या जगण्यात चालेल का? 'हो' आलं, तर ऑपरेशन हा खेळासाठी केलेला खर्च आहे, आणि तो करायचा की नाही हे निवांत ठरवता येतं. माझं उत्तर 'नाही' होतं. लोकलची कडी धरता येत नाही तो माणूस ठाण्यात राहून काय करणार?

६. तारीख

सह्याद्रीत जून ते सप्टेंबर कातळ तसाही ओला असतो. जूनच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं तर न चढण्याचे महिने पावसात जातात आणि डिसेंबरात, कोरड्या थंडीत, परतायला मिळतं. मी हेच केलं. पण पावसाची दुसरी बाजूही ऐका: हात स्लिंगमध्ये, म्हणजे गळ्यात अडकवायच्या पट्ट्यात, असताना ओल्या जिन्यावरून घसरलात तर केलेलं शिवण उसवू शकतं. मेच्या उकाड्यात काख कुजते, जुलैत स्लिंग वाळत नाही. काहीतरी एक सोसावं लागतंच.

७. विमा आणि कागद

इथे घाई करू नका. आरोग्य विम्याच्या कागदांत ठरावीक अपवर्जनांची, म्हणजे विम्यात न येणाऱ्या गोष्टींची, यादी असते, तिच्यात ०९ क्रमांकाचं आहे धाडसी खेळांचं, आणि त्यात रॉक क्लाइंबिंग नाव घेऊन लिहिलेलं आहे. घाबरू नका, पुढचं वाचा: ते 'व्यावसायिक म्हणून' भाग घेणाऱ्यांना लागू होतं. तुम्ही पगार किंवा मानधन घेऊन शिकवत असाल, तर आधी कंपनीशी लेखी बोला. हौसेने चढत असाल तर तसं स्पष्ट लिहा. काउंटरवर एखादा सल्ला देतो, "बाथरूममध्ये पडलो म्हणा ना." म्हणू नका. पहिल्या केसपेपरवर 'क्लाइंबिंग' लिहिलेलं असतं, दोन कागद जुळले नाहीत की दावा अडकतो.

खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का बघा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर बऱ्याच पॉलिसींत फक्त भाड्याचा फरक कापत नाहीत, सर्जनच्या फीपासून बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापतात. लॅब्रम ज्या छोट्या खिळ्यांनी बसवतात त्या अँकरचा खर्च नगावर असतो. एस्टिमेटमध्ये किती धरलेत ते विचारा आणि त्यांचे स्टिकर व बिल जपा. २०२४ च्या नियमानुसार कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात, आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत उत्तर द्यायचं असतं. काउंटरवर तसं शांतपणे सांगता येतं.

फाइलमध्ये ठेवा: आधार, पॅन, पॉलिसी किंवा कंपनीचं विमा कार्ड, पहिल्या दिवसापासूनचे सगळे केसपेपर, एक्स-रे आणि एमआरआय फिल्मसकट, फिजिओच्या पावत्या, सर्जनचं दाखल होण्याचं पत्र, रक्ताच्या तपासण्या, चालू औषधांची आणि ॲलर्जीची यादी, आणि अपघात कसा झाला हे सांगणारं तुमच्या सहीचं अर्ध्या पानाचं पत्र. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा ठरावीक दिवसांचा खर्चही पॉलिसीत येतो, त्यामुळे पुढच्या फिजिओच्या पावत्यासुद्धा टाकू नका.

८. घर

आठवडाभर आधीपासून सगळं दुसऱ्या हाताने करून बघा. दात घासणं, वरणभात चमच्याने खाणं, कुलूप उघडणं. आमच्या संडासातला जेट स्प्रे उजव्या हाताला आहे, आणि ऑपरेशन उजव्या खांद्याचं. हा प्रश्न मला दवाखान्यातून घरी आल्यावर पडला. तुम्ही आधी सोडवा.

आणून ठेवायच्या वस्तू: समोरून बटणांचे एक माप मोठे शर्ट, इलॅस्टिकच्या पँटी, बायकांसाठी पुढून उघडणारे कपडे, आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, जास्तीची एक स्लिंग, काखेत ठेवायला जुने सुती रुमाल, चार उशा, बर्फाची पिशवी. आरामखुर्ची मिळाली तर सोनं. पहिले दोन-तीन आठवडे आडवं झोपवत नाही, टेकून बसल्यासारखं झोपावं लागतं.

९. ऑपरेशनचा दिवस

आदल्या रात्रीपासूनचा उपास भूलतज्ज्ञ सांगतील तसा. पूर्ण भुलीसोबत बहुधा मानेत हात बधिर करणारं ब्लॉकचं इंजेक्शन देतात, त्यामुळे जाग आल्यावर हात आपला नाहीच असं वाटतं. पापणी जड होणं, आवाज बसणं, श्वास थोडा उथळ वाटणं हेही ब्लॉकमुळे होऊ शकतं, पण वाटलं की नर्सला सांगाच. खांदा फुगलेला दिसतो, ते आत सोडलेलं पाणी.

मोठा सापळा पहिल्या रात्री असतो. दुखत नाही म्हणून गोळी टाळता, ब्लॉक पहाटे उतरतो आणि मग कळ आवरत नाही. गोळ्या घड्याळाकडे बघून घ्या.

१०. पहिले सहा आठवडे

स्लिंग चार ते सहा आठवडे, झोपेतही. कोपर, मनगट, बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. खांदा फिजिओ सांगेल तेवढाच. लॅब्रम पुढून शिवलं असेल तर हात बाहेर फिरवायला सक्त मनाई असते, आणि दार ओढताना किंवा शर्ट चढवताना आपण नकळत नेमकं तेच करतो. दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी.

टाके १०-१४ दिवसांत निघतात. ताप, जखमेतून पू, पोटरीला सूज, धाप, यांतलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका. मी तिसऱ्या दिवसापासून कचराळी तलावाला सकाळी फेऱ्या मारायचो. पाऊस असेल तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. रिक्षात बसलात तर दुखरा खांदा आतल्या बाजूला ठेवा आणि चालकाला खड्ड्यांचं आधीच सांगा. लोकल टाळा. स्लिंग बघून लोक जागा देतात, पण दारातला रेटा स्लिंग बघत नाही. ऐरोलीसाठी ठाण्याहूनच सुटणारी गाडी आहे, तरी मी पाच आठवडे घरूनच काम मागून घेतलं.

११. स्लिंग निघाल्यावर

हात उचलायला गेलात की कान आणि खांदा एकत्र वर येतात. आरशासमोर करा. या टप्प्यात चिकाटीचं शत्रुत्व कंटाळ्याशी असतं: दिवसातून तीनदा काठी धरून हात सरकवणं, भिंतीवर बोटं चढवणं. खांदा जखडतोय असं वाटलं तर फिजिओला लगेच सांगा. मधुमेह असेल तर ही शक्यता जास्त. गाडी साधारण दोन महिन्यांनी, बाइक त्याहून उशिरा, आणि दोन्ही सर्जनच्या परवानगीनेच.

१२. तिसरा-चौथा महिना

माझ्या ओळखीतल्या ज्यांचं बिघडलं त्यांचं याच महिन्यांत बिघडलं. हात वर जातो, दुखत नाही, बाहेर पाऊस थांबलेला. पण हाडाला शिवलेली कूर्चा धरायला साधारण १२ आठवडे घेते, आणि त्यानंतर ती ओढ सोसायला शिकते. दुखणं त्याच्या किती तरी आधी जातं. फेब्रुवारी ते मेच्या फिजिओत मी याच गोष्टीला फसलो होतो, आता दुसऱ्यांदा फसायची वेळ आली होती. फ्रिजवर सर्जनने दिलेला कागद लावला आणि कागदावरची तारीख मानायची ठरवली.

या काळातले सापळे चढाईचे नसतातच. "मी फक्त बिले देतो", म्हणजे खालून जोडीदाराचा दोर सांभाळतो, हा पहिला: जोडीदार पडला की गचका तुमच्याच हाताला बसतो. "फक्त ट्रेकला येतो" हा दुसरा: शेवाळावर पाय सटकला की हात आपोआप काहीतरी पकडायला जातो. तिसरा सॅक, एका खांद्यावर टाकलेली. चौथा, हँगबोर्ड, म्हणजे बोटांनी लोंबकळायची फळी. दाराच्या चौकटीवर लावलेला असेल तर काढून माळ्यावर टाका.

पाय, पोट, बोटं यांवर मात्र भरपूर काम होतं. एका पायावर बसून उठणं मला आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा जमलं.

१३. पुन्हा कातळावर

बहुतेकांना सोपी चढाई चार ते सहा महिन्यांत, मनासारखी नऊ ते बारा महिन्यांत. पण परवानगी महिन्यांवर मागू नका. हालचाल पूर्ण आली का, आणि फिजिओने ताकद मापल्यावर दुखरा खांदा दुसऱ्याच्या निदान ९० टक्के आहे का, ते विचारा.

क्रम असा ठेवा. आधी पायांवर चालणारी तिरपी भिंत, टॉप रोपवर (वरून बांधलेल्या दोरावर), हात खांद्याच्या रेषेखाली. मग उभी भिंत. मग हात डोक्यावर. लीड, म्हणजे दोर आपणच वर नेत चढणं, त्यानंतर. बोल्डरिंग सगळ्यात शेवटी, कारण तिथे पडणं आपल्या हातात नसतं. गॅस्टन (कोपर बाहेर काढून बाहेर ढकलत धरायची पकड), डायनो (होल्डसाठी मारलेली उडी) आणि बाजूला लांब ताणलेले होल्ड वर्षभर सोडून द्या. ग्रुपमधल्या पोरांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे खालून "अरे, जातंय, जातंय" असं ओरडणार नाहीत.

मी डिसेंबरात गेलो. सकाळी सातला मुंब्रा स्टेशन, हार्नेस कमरेला बसत नव्हता इतकी कंबर सुटलेली. टॉप रोपवर दोन सोपे रूट, एरवी ज्यांच्यावर नवख्यांना शिकवतो ते. दहाला उन्हाआधी खाली. तिसरा करावासा वाटला, केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना हात नेहमीच्या उंचीला जातो का, रात्री कुशीवर झोप लागली का, एवढं बघायचं. दोन्ही ठीक असेल, तर पुढच्या रविवारी तीन रूट.